शुगर उतरली, एलडीएल चढला: नाशिकच्या एका ताईंची केस

एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ वरून ५.५, वजन ६४ वरून ५४ किलो, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८८ वरून ७२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१ वरून ५८. आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून थेट २१४. एकाच बाईचे, एकाच डाएटचे आकडे आहेत हे. ताई माझ्याकडे डाएटच्या सल्ल्याला आल्या त्या हाच कागद घेऊन, पहिले चार आकडे बघून खूश व्हायचं की शेवटचा बघून घाबरायचं तेच त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या परवानगीने लिहितेय, नाव टाकत नाही, नुसतं ताई म्हणते. एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आपल्या नाशकात लो कार्ब करणारे आता प्रत्येक सोसायटीत आहेत, बऱ्याच जणांची शुगर खरंच आटोक्यात येते, पण त्यातल्या काहींचा एलडीएल असा वर जातो आणि मग त्यांना दोन टोकाचे सल्ले मिळतात, एक म्हणजे "हे असलं डाएट आजच बंद करा" आणि दुसरा म्हणजे "एलडीएलकडे बघूच नका". ताईंना दोन्ही मिळाले होते.

ताई ४६ वर्षांच्या, इंदिरानगरला राहतात, शाळेत शिकवतात, उंची पाच फूट दोन इंच. अंडी खातात, मटण-मासे नाही. आईला डायबेटिस. वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, अँजिओप्लास्टी होऊन वाचले. आईची शुगर डोळ्यासमोर असल्यामुळे स्वतःचा रिपोर्ट बॉर्डरला आल्यावर त्या हादरल्या आणि व्हिडिओ बघून, एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या मदतीने लो कार्ब सुरू केलं. पोळी, भात, भाकरी, डाळ, फळं सगळं बंद. दिवसाला २५-३० ग्रॅम कार्ब. हे त्यांनी आठ-नऊ महिने मनापासून पाळलं, शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा डबा घरचा. एवढी मेहनत घेतलेल्या माणसाला "तुमचं चुकलं" असं तोंडावर म्हणणं मला पटत नाही आणि ते खरंही नाही, कारण शुगर उतरली ती ह्याच मेहनतीने.

ज्या फिजिशियनकडे त्या आधी गेल्या त्यांनी रिपोर्टवर नजर टाकून उद्यापासून पोळी-भात सुरू करा म्हणून सांगितलं, बाकी काही विचारलं नाही. ग्रुपवर टाकला तर तिथे अभिनंदन! तुम्ही लीन मास हायपर रिस्पॉन्डर (लो कार्बवर एलडीएल खूप चढणारे सडपातळ लोक) आहात, ट्रायग्लिसराइड कमी आहे म्हणजे एलडीएलचा कण मोठा आणि फुगीर आहे, तो काही करत नाही. ताई मला म्हणाल्या, "मॅडम, एक जण रागावतो, एक जण हार घालतो, मी नक्की काय करू?"

मी आधी विचारते की आकडा खरा आहे का. ही पायरी लोक गाळतात. पहिलं रक्त दिलं तेव्हा ताई एकवेळ जेवत होत्या, म्हणजे रक्त द्यायच्या वेळी वीस तासांच्या वर उपाशी. बारीक माणसाने लांबलचक उपास केला तर एलडीएल तेवढ्यानेही वर सरकतो. दुसरं म्हणजे बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशोब करून काढतात. टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइड भागिले पाच वजा. ताईंचं टोटल २८६, त्यातून ५८ गेले, ७२ चा पाचवा हिस्सा साधारण १४ गेला, उरले २१४. फ्रीडेवाल्ड यांचं १९७२ सालचं सूत्र आहे हे, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की चालत नाही आणि फारच कमी असलं तरी थोडं गडबडतं. तिसरं, वजन भराभर उतरत असताना चरबीच्या पेशींमध्ये साठलेलं कोलेस्टेरॉल बाहेर पडतं, त्या काळात केलेली टेस्ट काही महिने फसवी असू शकते. ताईंचं वजन मात्र तीन महिने ५४ वरच थांबलेलं होतं, त्यामुळे तो मुद्दा बाद. मग परत रक्त दिलं, ह्यावेळी बारा तास उपाशी राहून आणि डायरेक्ट एलडीएल सांगून. आला २०६. म्हणजे आकडा खराच होता.

मग दुसरं कारण कुठे दडलंय का ते बघायचं. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल हमखास वाढतो आणि ताईंच्या वयाच्या बायकांमध्ये ते इतकं कॉमन आहे की टीएसएच न बघता नुसतं डाएटला दोष देणं म्हणजे घाई. टीएसएच ३.१, नॉर्मल. लिव्हर, किडनी, लघवीतलं प्रोटीन सगळं ठीक. पाळी मात्र गेल्या वर्षभरापासून मागेपुढे होत होती. पाळी जाण्याच्या आसपासच्या काळात बायकांचा एलडीएल वाढतोच, डाएट कुठलंही असो, त्यामुळे ह्या वाढीतला थोडा वाटा वयाचा धरायला हवा. पण ९६ ची उडी त्याने होत नाही. आणि जन्मजात आनुवंशिक हाय कोलेस्टेरॉल म्हणावं, ज्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, तर तो डाएटच्या आधीच्या ११८ च्या रिपोर्टने जवळपास निकालात निघाला. म्हणून सांगते, जुने रिपोर्ट फेकू नका. डाएट सुरू करायच्या आधीचा एक लिपिड प्रोफाइल हाताशी असला की पुढचा अर्धा गोंधळ वाचतो, ताईंच्या फाइलमध्ये तो होता म्हणून हे सगळं एवढं सरळ सुटलं.

आता ताट. मी ताईंना म्हटलं, कालचा दिवस सांगा, सकाळपासून, अंदाजाने नको, चमच्याने सांगा. सकाळी कॉफी, त्यात एक मोठा चमचा खोबरेल आणि एक मोठा चमचा तूप, मिक्सरला फिरवून फेस आणलेली. दुपारी दीडशे ग्रॅम पनीर तुपात परतलेलं, तेही दोन मोठे चमचे तुपात, सोबत पालक नाहीतर मेथी. तीन अंडी. मधल्या वेळेला चीजचे दोन क्यूब. कधी संध्याकाळी जेवल्याच तर साय न काढलेलं दही आणि भाजी, परत तुपातली. शेंगदाण्याचं तेल घरातून हद्दपार, कारण ग्रुपवर सांगितलं होतं की बियांची तेलं वाईट.

हे मी कागदावर मांडलं. एका मोठ्या चमच्याभर तुपात आठेक ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, खोबरेलात अकरा-बारा. नुसती सकाळची कॉफी वीस ग्रॅमची झाली. फुल फॅट पनीरचे साधारण अठरा, परतायच्या तुपाचे सोळा, अंड्यांचे पाच, चीजचे सात-आठ, रात्रीचे आणखी आठ. बेरीज सत्तरच्या पुढे. आता ताईंसारख्या १६०० कॅलरी लागणाऱ्या बाईने दहा टक्क्यांची मर्यादा पाळायची म्हटली, जी जागतिक आरोग्य संघटना सांगते, तर दिवसाला जेमतेम १८ ग्रॅम बसतात. म्हणजे चौपट. ताई त्या बेरजेकडे बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "पण मॅडम, तूप तर चांगलं ना?" मी म्हटलं, वरणावर चमचाभर तूप ही एक गोष्ट आणि दिवसाला चार-पाच मोठे चमचे तूप वर खोबरेल ही वेगळीच गोष्ट, दोन्हीला एकच नाव दिलं म्हणून परिणाम एक होत नाही.

होतं काय तर लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. हे ब्राऊन आणि गोल्डस्टीन ह्या दोघांनी शोधून काढलं, त्याबद्दल १९८५ चं नोबेल मिळालं. सॅच्युरेटेड फॅट खूप झालं की ह्या रिसेप्टरचं काम मंदावतं, रक्तातला एलडीएल उचलला जात नाही, साचत राहतो. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम ह्याच्यापुढे बहुतेकांमध्ये बराच कमी असतो, म्हणून मी ताईंची अंडी बंद केली नाहीत. फायबर गेल्याचाही हातभार आहे, डाळी-कडधान्यं-फळांमधलं विरघळणारं फायबर आतड्यात पित्ताम्ल धरून ठेवतं, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. ताईंच्या ताटातून ते सगळंच गेलं होतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला ह्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ताई आता बारीक आहेत. लो कार्बवर एलडीएल उसळतो तो जास्त करून सडपातळ असलेल्यांचा. ज्यांचं वजन खूप जास्त आहे त्यांच्यात तो फारसा हलत नाही, कधी कधी थोडा कमीही होतो, नियंत्रित ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तेव्हाही असंच दिसलं. त्यामागचा एक सिद्धांत असा की कार्ब नाही, अंगावर चरबीही बेताची, मग शरीराला इंधन पोचवायला लिव्हर चरबीने भरलेले व्हीएलडीएल नावाचे कण जास्त पाठवतं, स्नायू त्यातली चरबी उतरवून घेतात म्हणून ट्रायग्लिसराइड कमी दिसतं, आणि जे रिकामे उरतात ते एलडीएल. हा अजून सिद्धांतच आहे, पण हार्वर्डच्या एका मेडिकल विद्यार्थ्याने स्वतःवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये छापून आला तो ह्याच्याशी जुळतो. कीटोवर, म्हणजे अगदी कमी कार्बच्या डाएटवर असलेल्या त्या बारीक तरुणाने जेवणात बाकी काही न बदलता रोज बारा ओरिओ बिस्किटं खाल्ली आणि सोळा दिवसांत त्याचा एलडीएल ३८४ वरून १११ वर आला, नंतर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेऊन बघितलं तर सहा आठवड्यांत ४२१ वरून २८४ पर्यंतच. बिस्किटं खा असा त्याचा अर्थ मुळीच नाही आणि त्यानेही तसं म्हटलेलं नाही. पण बारीक माणसाने थोडे कार्ब परत आणले तर एलडीएल पडू शकतो, ही गोष्ट ताईंच्या कामाची होती.

ग्रुपच्या हार घालण्याबद्दल पण बोलायला हवं, कारण ताईंचा जीव त्यातच अडकला होता. लीन मास हायपर रिस्पॉन्डर म्हणायला एलडीएल २०० किंवा वर, एचडीएल ८० किंवा वर आणि ट्रायग्लिसराइड ७० किंवा खाली अशी तिन्ही माप लागतात. ताईंचं एचडीएल ५८. त्या त्यात बसतच नव्हत्या. आणि बसल्या असत्या तरी ते फक्त एका प्रकारच्या रिपोर्टचं नाव आहे, त्या नावाने धमन्यांना संरक्षण मिळत नाही.

फुगीर एलडीएलचं म्हणाल तर त्यासाठी एपोबी केली. प्रत्येक एलडीएल कणावर एपोबीचा एकच रेणू असतो, म्हणून एपोबी म्हणजे कणांची मोजणी. ताईंची आली १५२, म्हणजे कण मोठे असोत नाहीतर छोटे, संख्येनेच भरपूर होते. द्वारका सर्कलला जाम लागतो तो किती टेम्पो आले त्याच्यावर, आत किती माल भरलाय त्याच्यावर नाही. धमनीच्या भिंतीत शिरायचं काम कणांच्या संख्येवर चालतं.

"पण माझा ट्रायग्लिसराइड-एचडीएल रेशो किती छान आहे," हा ताईंचा पुढचा मुद्दा. खरंच छान आहे, सव्वाच्या आसपास, इन्सुलिन नीट काम करतंय ह्याची ती खूण, त्याचं श्रेय मी त्यांना मोकळेपणाने दिलं. पण एका आकड्याचं चांगलं दुसऱ्याचं वाईट पुसून टाकत नाही. ज्यांना जन्मतः हाय एलडीएल असतो त्यांची उदाहरणं बघा, ह्यातले कितीतरी लोक सडपातळ असतात, शुगर नॉर्मल, ट्रायग्लिसराइड नॉर्मल, फक्त एलडीएल लहानपणापासून जास्त, आणि उपचार नसले तर त्यांना तरुण वयात अटॅक येतात. शुगर चांगली असेल तर एलडीएल निरुपद्रवी, हे म्हणणं इथेच पडतं. उलट बाजूनेही बघा, ज्यांच्यात जन्मतः पीसीएसके९ जनुकातल्या बदलामुळे एलडीएल आयुष्यभर कमी असतो त्यांना हार्टचा आजार कितीतरी कमी होतो. किती वाढला आणि किती वर्षं वाढलेला राहिला, ह्या दोन्हीचा गुणाकार महत्त्वाचा. दोन महिन्यांच्या उसळीला मी घाबरले नसते. ताई हेच आयुष्यभर चालवायच्या विचारात होत्या.

वडिलांच्या अटॅकमुळे आणखी एक टेस्ट सांगितली, लायपोप्रोटीन ए, एलडीएलसारख्याच एका कणाची. ही फार लोकांना माहीत नसते आणि माझ्या मते आपल्याकडे प्रत्येकाने आयुष्यात एकदा करावी, कारण हा आकडा जवळजवळ पूर्ण जनुकांवर ठरतो, डाएटने-व्यायामाने हलत नाही आणि भारतीयांमध्ये जास्त असण्याचं प्रमाण बरंच आहे. ५० च्या वर धोका धरतात. ताईंचा ६८. पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत अटॅक ही एक गोष्ट, त्यात हा ६८, आता २०६ च्या एलडीएलकडे मला वेगळ्या नजरेने बघावं लागलं. हेच आकडे एखाद्या घराण्यात काहीच नसलेल्या माणसाचे असते तरी मी कमी करायलाच सांगितलं असतं, पण एवढ्या घाईने नाही.

प्लॅन ठरवताना ताईंची एकच अट होती, शुगर परत चढता कामा नये. रास्त अट आहे. म्हणून लो कार्ब मोडलं नाही, सैल केलं. कार्ब ३० वरून शंभर ग्रॅमच्या आसपास नेले आणि फॅटची जात बदलली. कॉफीतलं खोबरेल-तूप त्याच दिवशी बंद. स्वयंपाक परत शेंगदाणा तेलात, मोजून. तूप भाकरीवर एक छोटा चमचा, तेवढं मी मुद्दाम ठेवलं. पनीर आठवड्यातून दोनदा, साठ ग्रॅम. त्याच्या जागी मोड आलेली मटकी, मूग, हरभरा ह्यांची वाटीभर उसळ रोज, मूठभर बदाम-अक्रोड, जवसाची चटणी, रात्री पाण्यातून दोन चमचे इसबगोल. आणि दुपारी एक ज्वारीची भाकरी.

भाकरीवर ताई अडल्या. नऊ महिने न खाल्लेली भाकरी समोर आली की शुगर भडकणार अशीच भीती. मग ग्लुकोमीटर लावला. पहिल्या दिवशी नुसती भाकरी आणि पिठलं, दोन तासांनी १५१. दुसऱ्या दिवशी आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मग मटकीची उसळ, शेवटी तीच भाकरी उसळीबरोबर, आणि जेवण झाल्यावर मिस्टरांसोबत सोसायटीला पंधरा मिनिटं चक्कर. दोन तासांनी १२४. त्या मीटरच्या आकड्याने जे पटलं ते मी तासभर बोलून पटलं नसतं. रविवारची मिसळ पण त्यांनी विचारून घेतली, नाशिककर माणूस मिसळ सोडून किती दिवस राहणार! मटकी जास्त, तर्री वरून निथळून, पाव नाही, दही असेल तर घ्या. शेव चिमूटभर.

दहा आठवड्यांनी रिपोर्ट. टोटल २११, एचडीएल ५५, ट्रायग्लिसराइड ९२, एलडीएल १३८. एचबीएवनसी ५.६, वजन ५५. एलडीएलमध्ये ७० च्या आसपास उतार, एकही गोळी न घेता. ट्रायग्लिसराइड थोडं वाढलं पण ९२ म्हणजे उत्तमच. ग्रुपवर ताईंनी हा रिपोर्टही टाकला, फारसं कोणी बोललं नाही.

मग प्रश्न आला इथे थांबायचं का. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात साध्या, कमी धोक्याच्या माणसालाही एलडीएल १०० च्या खाली सांगितलाय, धोका जास्त असेल तर ७० च्या खाली. ताईंचा १३८ आणि वर तो लायपोप्रोटीन ए. ताटातून अजून काय काढणार होते? इथे माझं काम संपतं आणि डॉक्टरांचं सुरू होतं, म्हणून त्यांना कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलं आणि डाएटचा सगळा तक्ता, आधीचे-नंतरचे चारही रिपोर्ट एकत्र लावून दिले. ताईंना गोळी नको होती, मुख्य कारण म्हणजे स्टॅटिनने शुगर वाढते हे त्यांनी वाचलं होतं. ते खोटं नाही, प्रीडायबेटिस असलेल्यांमध्ये थोडी वाढू शकते, डोस मोठा असेल तर जास्त. डॉक्टरांनी हे टाळलं नाही, नीट समजावलं की शुगर जराशी सरकली तर ती मोजता येते, सांभाळता येते, आणि ताई ती सांभाळायला शिकल्याच आहेत, पण घराण्याने आलेला लायपोप्रोटीन ए काही केल्या कमी होणार नाही, त्यामुळे जो आकडा हातात आहे तो, म्हणजे एलडीएल, जास्तीत जास्त खाली ठेवायचा. रोसुवास्टॅटिन १० सुरू केली. मला हा निर्णय पटला. २१४ असतानाच गोळी दिली असती तर डोस मोठा लागला असता आणि तूप-खोबरेल तसंच चालू राहिलं असतं.

दोन महिन्यांनी एलडीएल ७४, एचबीएवनसी ५.७. अंगदुखी वगैरे काही नाही. भाकरी एकच आहे, कॉफी दुधाची साधी, पुढचा लिपिड आणि शुगर सहा महिन्यांनी एकत्र करायचं ठरलंय. पाळी पूर्ण थांबली की आकडे परत हलू शकतात हे ताईंना सांगून ठेवलंय.

लायपोप्रोटीन ए आनुवंशिक म्हटल्यावर ताईंना मी त्यांच्या धाकट्या भावाचीही टेस्ट करायला सांगितलं होतं. तो ३९ चा, अंबड एमआयडीसीत नोकरी, कुठलंही डाएट नाही, तब्येतीची तक्रार नाही, लिपिड आयुष्यात कधी केलेलं नाही. ताईंनी दोनदा फोन केल्यावर गेला. त्याचा लायपोप्रोटीन ए ७९ आला आणि एलडीएल १५६. पुढच्या आठवड्यात ताई त्याला त्याच कार्डिओलॉजिस्टकडे घेऊन चालल्यात, वडिलांची जुनी फाइल सोबत घ्यायला सांगितलीये.